वाई, मेणवली, धोम: रंगपेटी घेऊन तीन दिवस

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण वाईला जाऊन आलो, आणि फक्त चित्रं काढायला, तीही जलरंगात. घरी हे पटवणं जरा अवघडच गेलं. "वाईपर्यंत जाऊन वर पाचगणीला जाणार नाही? स्ट्रॉबेरी पण नाही आणणार?" असं सगळ्यांचं. नाही गेलो. स्ट्रॉबेरी मात्र वाईतच मिळाली, तो विषय तिथेच मिटला.

आधी मंडळी कोण ते सांगते. मास्तर म्हणजे शाळेतून रिटायर झालेले चित्रकलेचे शिक्षक, आमच्यात वयाने सगळ्यात मोठे आणि चालण्यात सगळ्यात पुढे. एक आर्किटेक्ट, ज्याची रेष पट्टीने मारल्यासारखी येते आणि त्यालाच तिचा वैताग आलाय. डॉक्टरीणबाई, ज्यांनी कॉलेजात अॅनाटॉमीच्या जर्नलनंतर कधी पेन्सिल धरली नव्हती. धाकटा, म्हणजे आयटीतला मुलगा, सगळं यूट्यूबवर बघून आलेला. आणि मी, शाळेत एलिमेंटरी दिली होती, त्यातलं स्मरणचित्र तेवढं आठवतं, त्यानंतर थेट चाळिशीत ब्रश हातात.

मास्तरांच्या दोनच अटी होत्या. जागेवर बसून काढायचं, फोटोवरून नाही. आणि एका जागी दोन तासांच्या वर बसायचं नाही, कारण तेवढ्या वेळात ऊन सरकतं आणि आपण कधीच अस्तित्वात नसलेली दुपार रंगवायला लागतो.

पहिला दिवस: वाई, गणपती घाट

पुण्यातून सकाळी निघालो, खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला आत वळलो, अकराच्या आत वाईत. सामान ओळखीच्यांच्या घरी टाकलं आणि सरळ घाटावर.

ढोल्या गणपतीचं देऊळ सगळ्यांना माहितीये, १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं. पण आपण जातो ते समोरून जातो, दर्शन घेतो, निघतो. मास्तरांनी आम्हाला मागच्या बाजूला नेलं. देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती होत गेलीये, कृष्णेला पूर आला की पाणी दोन्हीकडे फाटावं म्हणून. इतक्या वेळा वाईवरून गेलेय पण ही भिंत मी अशी कधी बघितलीच नव्हती. चित्र काढायला बसलं की आधी हेच होतं, बघून झालेल्या गोष्टी पहिल्यांदा दिसायला लागतात.

आता मजा अशी की ही भिंत रेषेने काढायला गेलं की काही कळतच नाही. वक्र आहे, कोपरा नाही, मग कडा कुठे दाखवायची? आर्किटेक्टने अर्धा तास त्या वळणाशी मारामारी केली. मास्तर येऊन म्हणाले, "रेष सोड. डोळे बारीक कर आणि सांग, कुठे काळं दिसतंय आणि कुठे पांढरं." डोळे किलकिले केले की बारीकसारीक सगळं पुसलं जातं आणि फक्त उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. भिंतीचा एक भाग उन्हात, एक सावलीत आणि मध्ये दोन बोटं रुंद पट्टा जिथे ऊन हळूहळू सावलीत जातं. दुपारी रंग हातात आल्यावर तेवढा पट्टा ओल्यात ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडून काढला, की भिंत वळली. एकही रेष न मारता!

त्या दिवशी दुपारपर्यंत मास्तरांनी रंगपेटी उघडूच दिली नव्हती खरं तर. तोवर फक्त मऊ, गडद फोर बी पेन्सिल आणि काडेपेटीएवढे छोटे चौकोन, प्रत्येकात तीनच टोन, कागदाचा पांढरा, मधला करडा आणि गडद. धाकट्याचा चेहरा पडलेला, कारण त्याने नवीन ट्यूब्सचा सेट आणला होता. पण चार-पाच चौकोन झाल्यावर तोच म्हणाला, "म्हणजे चित्र चांगलं होणार की नाही ते इथेच कळतं की." मास्तर हसले आणि चहाला चला म्हणाले, एवढी मोठी दाद आम्हाला पुढे मिळाली नाही.

कृष्णाबाईच्या उत्सवाचे दिवस होते. वाईत प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा, एकेका आळीचा आळीपाळीने. आम्ही बसलो होतो तिथून मांडवाचे बांबू दिसत होते, बायका नैवेद्याची ताटं घेऊन जाता-येता थांबायच्या. एक आजी बराच वेळ डॉक्टरीणबाईंच्या मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, शिखर झालं, देऊळ झालं, पण माणूस एक नाही तुमच्या घाटावर. घाट काय मोकळा असतो व्हय?" लगेच दोन माणसं आली चित्रात. खरं सांगायचं तर त्यांच्यामुळेच देवळाची उंची कळायला लागली.

जाणाऱ्यांसाठी थोडं सामानाबद्दल, कारण पहिल्या आउटिंगला सगळेच अर्धं घर घेऊन निघतात. कागद तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड घ्या, पातळ कागद पाणी लागलं की फुगतो आणि रंग खळग्यात साठतो. आकार लहान, एफोरच्या अर्धा, कारण दोन तासांत तेवढाच होतो. ब्रश दोन, एक जाड गोल आणि एक मध्यम, बारीक ब्रश मुद्दाम घरी ठेवा. रंग सहा-सात पुरतात: अल्ट्रामरीन, सेरुलियन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक पिवळा, एक लाल, वाटलं तर सॅप ग्रीन. काळ्याची ट्यूब नकोच. घडीचं स्टूल, मास्किंग टेप, दोन बाटल्या पाणी, जुना नॅपकिन. आणि छत्री न्यायची असेल तर काळीच, रंगीत छत्रीखाली बसलं की तिचा रंग कागदावर पडतो आणि आपण मिसळलेले सगळे रंग खोटे निघतात. हे मला कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं.

रात्री पिठलं, ज्वारीची भाकरी आणि ओल्या मिरचीचा ठेचा. थंडी बऱ्यापैकी होती. जेवणानंतर सगळ्यांची पानं जमिनीवर मांडून बघितली, एकाच देवळाची पाच चित्रं आणि पाचही वेगळी. आर्किटेक्टला पायऱ्या दिसल्या, धाकट्याला आकाश, डॉक्टरीणबाईंना माणसं.

दुसरा दिवस: मेणवली, सकाळ

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. सहाला उठून, कुडकुडत, उजाडायच्या आत घाटावर पोचलो. नदीवर धुकं होतं, दाट नाही, पाण्याला चिकटून वाहणारं. पलीकडची झाडं नुसती करडी, त्यामागची त्याहून फिकी आणि त्यामागे काहीच नाही.

असं दिसलं की हात शिवशिवतात. पण एक घोटाळा असतो जो सकाळच्या थंडीत बसल्याशिवाय कळत नाही: रंग वाळतच नाही. हवा गार, दमट, पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर दिला आणि वीस मिनिटं तो तसाच चमकत बसला. त्यावर दुसरा द्यावा तर सगळं एकमेकांत पळतं. धाकट्याने कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवून बघितला, कारण इंजिन गरम होतं. चालतं हे! पण मास्तर म्हणाले धुक्याला असंच पाहिजे, वाळू देऊच नका, लांबची झाडं ओल्यातच सोडा आणि जवळचा दगड तेवढा कागद वाळल्यावर. मग आमचं सगळ्यांचं धुकं जमलं. कागद ओला राहिला म्हणूनच ते जमलं, घरी पंख्याखाली मी हे कितीदा करून बघितलंय, तिथे ते झाडाच्या जागी पालकाची भाजी दिसतं.

आठच्या सुमारास ऊन आलं आणि घाट उघडला. नाना फडणवीसांचं हे गाव, वाडा नदीकाठीच, आणि वाड्याच्या मागे घडीव काळ्या दगडाच्या पायऱ्या उतरत नदीत जातात. इथे इतकी शूटिंग झालीत की प्रत्येकाला ही जागा आपण आधी कधीतरी बघितल्यासारखी वाटते.

पायऱ्या हा प्रकार शिकायचा असेल तर मेणवलीसारखी जागा नाही. आम्ही घाटाच्या साधारण मध्यावर बसलो. डोळ्याच्या पातळीच्या वर ज्या पायऱ्या आहेत त्यांचा फक्त उभा भाग दिसतो, पाऊल ठेवायची जागा दिसतच नाही. डोळ्याच्या खालच्या पायऱ्यांचा वरचा भाग दिसायला लागतो, आणि जितकं खाली जाल तितका तो रुंद होत जातो. डोळ्यासमोर बरोबर जी पायरी आहे ती नुसती एक रेष. मास्तरांनी हे तोंडाने सांगितलंच नाही, आर्किटेक्टला तीन पायऱ्या खाली जाऊन बसायला लावलं आणि विचारलं, काय बदललं? सगळंच बदललं होतं.

दगडाचा रंग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. निळं जास्त टाकलं की सावलीतला गार दगड, सिएना जास्त टाकलं की उन्हातला. आपल्या सह्याद्रीचा बहुतेक सगळा बसाल्ट या दोन ट्यूबमध्ये बसतो, म्हणूनच वर काळ्याची ट्यूब नको म्हटलं.

आमच्या खाली दोन बायका कपडे धूत होत्या. त्यातल्या एका मावशींनी काम आटपून पिळे बादलीत टाकले आणि वर येऊन पाचही कागद एकेक करून बघितले, कपाळाला आठ्या घालून. माझ्याकडे आल्या. मी नदी छान हिरवी केली होती.

"पाणी हिरवं न्हाई बाई आत्ता. हिरवं दुपारी दिसतंय. सकाळचं काळंच असतंय, त्या झाडाखाली बगा की."

बघितलं तर खरंच. पलीकडच्या काठाची झाडं अजून सावलीत, त्यांचं प्रतिबिंब पडलेला सगळा भाग गडद, आणि मध्ये आकाशाचा एक फिका पट्टा. मास्तर लगेच सरसावून बसले, म्हणाले, मावशी, या तुम्हीच शिकवा. मग मास्तरांनीच पुढचं सांगितलं, की पाण्यात गडद वस्तू थोडी उजळ दिसते आणि उजळ वस्तू थोडी गडद, त्यामुळे प्रतिबिंब नेहमी मूळ वस्तूपेक्षा मवाळ ठेवायचं आणि सरळ खाली ओढायचं, तिरकं कधीच नाही. मावशी तोपर्यंत बादली उचलून निघालेल्या. जाता जाता म्हणाल्या, "आन् माझं लुगडं लाल न्हाई केलं कुणी, मी लालच नेसलीय." धाकट्याने पळत जाऊन दाखवलं, त्याच्या चित्रात एक लाल ठिपका होता. तो बघून हसल्या.

घाटावरच्या घुमटीत एक मोठी घंटा आहे ती बघितल्याशिवाय निघू नका. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर तिकडून आलेली ही पोर्तुगीज घंटा, तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. महादेवाच्या देवळाशेजारी. डॉक्टरीणबाई तिचंच चित्र काढत बसल्या, घुमटीच्या आतला अंधार आणि त्यात घंटेच्या कडेवर पडलेली उन्हाची एक कोयरी, बाकी काही नाही. त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं चित्र ते.

वाडाही बघितला. खासगी मालकीचा आहे, विचारून आत जायचं. भिंतींवर जुनी चित्रं आहेत, बरीच पुसट झालीयेत पण जी टिकलीयेत ती सगळी रेषेवर आणि सपाट रंगावर उभी, उन्हाची सावली शोधूनही सापडत नाही. सकाळभर आम्ही सावल्यांच्या मागे धावलो होतो त्यामुळे आर्किटेक्टला तिथे फार बरं वाटलं. "बघा, रेषेचा पण एक जमाना होता," म्हणाला.

दुसरा दिवस: दुपार

जेवण वाईत, भरलं वांगं आणि इंद्रायणीचा भात, मग तासभर सगळे आडवे. दुपारच्या उन्हात काढायला बसू नका, हे कळकळीने सांगते. सावल्या आखूड होऊन पायाखाली जातात, सगळं सपाट दिसतं, पांढऱ्या कागदावरून ऊन डोळ्यात घुसतं, आणि सकाळी वीस मिनिटं न वाळणारा वॉश आता ब्रश उचलेपर्यंत वाळून त्याची कडा पडते. स्प्रेची बाटली असेल तर थोडं निभावतं. पण झोप बरी.

साडेतीनला धोम रस्त्याच्या एका शेतावर गेलो. ओळखीच्यांच्या ओळखीचे. हळद काढायला झाली होती, पानं पिवळी पडून माना टाकलेली. शेजारी हरभरा, पलीकडे ऊस, बांधावर पांगारा फुललेला, पान एक नाही नुसता लाल. हिरव्याचे किती प्रकार असतात ते इथे कळलं. ट्यूबमधला हिरवा सरळ लावला की चित्र प्लास्टिकच्या झाडासारखं दिसतं, म्हणून प्रत्येक हिरव्यात काहीतरी घालायचं: उसात सेरुलियन, हरभऱ्यात ऑकर, वाळत्या हळदीत सिएना. आणि पांगाऱ्याच्या लाल फुलांशेजारी हिरवा थोडा मळका ठेवला की लाल आपोआप पेटतो.

शेतमालक दादा, साठीचे असतील, आधी लांबून बघत होते. आर्किटेक्ट त्यांच्या बैलजोडीचं स्केच करत होता. जवळ आले, वाकले.

"ह्यो बैल चाललाय का हुबा हाय?"

"उभा आहे."

"मग वशिंड हितं कसं? पाठीच्या मधी घेतलंय तुमी. खांद्यावर असतंय ते, मानंला लागून. जू कुठं ठिवायचं न्हाई तर?"

त्यांनी आर्किटेक्टच्या हातातली पेन्सिल घेतली, हवेत एक बाक काढला, मान, वशिंड, मग पाठीचा थोडा खोलगट उतार, मग माकडहाड. कागदाला पेन्सिल लावली नाही. पण तो बाक बघून आम्ही पाचही जणांनी नवीन पान उलटलं. मास्तर मला हळूच म्हणाले की आयुष्यभर फळ्यावर बैल काढला मी, पण जू कुठे बसतं यावरून वशिंड शोधायचं हे मला कधी सुचलं नाही.

मग हुरडा झाला. शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून गरम गरम, सोबत लसणाची चटणी आणि दही. रंगाचे हात नदीच्या पाण्याने तीनदा धुतले तरी नखात अल्ट्रामरीन होताच, दादांच्या घरच्या वहिनी बघून म्हणाल्या निळा हुरडा खाताय का. संध्याकाळी साडेपाच ते सहा वीस हा जो वेळ मिळाला त्यात सगळ्यांची भराभर चित्रं झाली. उसाच्या फडाची सावली शेतभर लांब पसरत होती, ती आधी टाकायची, पहिल्या पाच मिनिटांत, आणि मग ती कितीही सरकली तरी कागदावरची हलवायची नाही. ही एक सवय लागली की बाहेर बसायची निम्मी भीती जाते.

मला विचाराल तर घरी बसून फोटोवरून शिकण्यात आणि यात हाच फरक आहे. फोटो थांबून राहतो, त्यामुळे आपण पण रेंगाळतो, प्रत्येक पान काढत बसतो. इथे ऊन थांबत नाही, म्हणून ठरवावं लागतं, हे घ्यायचं, ते सोडायचं, आत्ताच्या आत्ता.

बायकांसाठी एक गोष्ट, कारण प्रवासवर्णनात हे कोणी लिहीत नाही: घाटावर आणि शेतावर स्वच्छतागृहाची सोय धरून चालू नका. आम्ही सकाळी निघताना आणि जेवणाला वाईत असं वेळापत्रकच बसवलं होतं, नाहीतर पाणी कमी पिऊन उन्हात बसायची वेळ येते, आणि मग डोकं दुखून चित्र राहतं बाजूला.

तिसरा दिवस: धोम

धोमला धरणाच्या पाण्यासाठी जायचं ठरलं होतं, पण गावातल्या देवळातच अडकलो. इथे नृसिंहाचं आणि महादेवाचं देऊळ आहे, आणि महादेवासमोर नंदी बसलाय तो कासवाच्या पाठीवर, भोवती कमळाच्या आकाराचं दगडी कुंड. आम्ही गेलो तेव्हा कुंडात पाणी नव्हतं, त्यामुळे पाकळ्या तळापर्यंत स्वच्छ दिसत होत्या.

दिसायला सुंदर आणि काढायला महाकठीण. गोल वस्तू बसल्या जागेवरून लंबगोल दिसते हे ठीक, शाळेत तांब्याचं तोंड काढून सगळ्यांनी शिकलंय, पण इथे लंबगोलाला पाकळ्या आहेत. समोरच्या रुंद, बाजूच्या अगदी चिंचोळ्या, पलीकडच्या पुन्हा रुंद पण बुटक्या. डॉक्टरीणबाईंनी ब्रश आडवा धरून, एक डोळा मिटून, अंगठ्याने एकेक पाकळी मोजली. धाकट्याने सरळ कार्डबोर्डला चौकट कापून व्ह्यूफाइंडर केला आणि फक्त नंदीचं तोंड आणि दोन पाकळ्या घेतल्या. त्याचं चित्र चाळीस मिनिटांत झालं आणि तो चहा आणायला गेला, आमचं चालूच.

तिथे शाळेतली पोरं जमली. रविवार होता. "काका, हे विकणार काय?" "किती वेळ लागतो?" "मला काढा की." मास्तरांनी पिशवीतून जुन्या वह्यांचे पाठकोरे कागद आणि पेन्सिलींचे तुकडे काढले, हे त्यांच्याकडे नेहमी असतं, आणि म्हणाले, तुमच्या गावचा नंदी आहे, तुम्ही काढा. पोरं मांडी घालून बसली. एका मुलीने नंदी अक्षरशः दीड मिनिटात काढला, कान मोठे, पाय नाहीतच, आणि खाली कासव मात्र डोळ्यांसकट. आम्ही कासवाकडे नीट बघितलंच नव्हतं, नंदीच्याच मागे होतो सगळे. तिला विचारलं, पाय का नाहीत? म्हणाली, "बसलाय न्हवं त्यो."

धरणावर शेवटी तासभरच मिळाला. पाणी आणि डोंगर, बस. लांबचे डोंगर निळसर फिके, मधले जांभळट आणि अलीकडचा उतार वाळलेल्या गवताचा सोनेरी, एवढे तीन थर. मास्तरांनी इथे चित्रकार आबालाल रहिमानांची गोष्ट काढली, कोल्हापूरच्या कोटितीर्थ-रंकाळ्याच्या परिसरात या माणसाने किती काम केलं, तीच तळी, तेच काठ. म्हणाले, नवीन जागा शोधत फिरायची हौस तुम्हाला असते, तेच पाणी दहादा बघायची नाही. आर्किटेक्ट म्हणाला, मग पुढच्या वेळी पण मेणवलीच का? "का नको?"

रंगाचं पाणी कुंडात, नदीत, धरणात ओतू नका. रिकामी बाटली बरोबर ठेवा, त्यात भरून आणा. काही रंगांत धातू असतात, आणि खाली कोणीतरी कपडे धूत असतं, गुरं पाणी पीत असतात.

परत येताना वाई-सुरूर रस्त्यावरच्या जुन्या वडांसाठी थांबायचं फार मनात होतं. गाडी कडेला घेतली, पण रविवार संध्याकाळ, वरून उतरणारी सगळी महाबळेश्वरची गर्दी, स्टूल मांडायला जागा नाही आणि धुळीने रंग भरून जायचे. दहा मिनिटं उभ्यानेच पारंब्यांची पेन्सिल स्केचेस केली आणि निघालो. वडांसाठी मधल्या वारी, सकाळी लवकर जा, असा सल्ला.

पुढची आउटिंग जुलैत भोरकडे ठरतेय. पावसात जलरंग वाळणारच नाहीत म्हणून मास्तर कोळसा आणि पेस्टल आणा म्हणतायत, आर्किटेक्ट म्हणतोय ओसरी असलेलं घर आधी शोधा, आणि डॉक्टरीणबाईंनी ग्रुपवर पाच जण मावतील एवढ्या काळ्या छत्रीचा फोटो टाकलाय, ती गाडीत बसेल की नाही यावर सध्या चर्चा चालू आहे.